‘एक नाशिककर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार भाऊ,

‘पुरुषांनी कमी खर्चात चेहऱ्याची काळजी कशी घ्यावी’ या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक नाशिककर’ या नावाने प्रतिक्रिया टाकलीत, ती वाचली. बाकीच्यांना वर जाऊन शोधायला नको म्हणून तिचा गोषवारा इथे देतो. तुमचं म्हणणं असं: एक, हे सगळे गंगापूर रोडवाल्यांचे, म्हणजे नाशिकच्या पैसेवाल्या भागातल्यांचे, चोचले आहेत. दोन, सांगितल्याप्रमाणे रोज दोन बोटं सनस्क्रीन लावली तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपते, मग महिन्याला २०० रुपयांत सगळं बसतं कसं? तीन, तुमच्या वडिलांनी जन्मभर अंगाच्या साबणानेच तोंड धुतलं, त्यांना काही झालं नाही. चार, द्राक्षबागेत राबणाऱ्याला क्रीम लावायला सांगण्याआधी लेखकाने एकदा बागेत येऊन दाखवावं. आणि शेवटी दात काढणाऱ्या इमोजींची रांग.

टीकेचं मला वावडं नाही. पण टीका करायची असेल तर सरळ करावी. येता-जाता टपली मारून पुढे निघून जायचं, वर नाव लपवायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. बरं, लेखात मी सांगितलं काय होतं? सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. तीन वस्तू. सीरम नाही, टोनर नाही, शीट मास्क नाही. ‘पुरुषांसाठी खास’ म्हणून काळ्या बाटलीत जास्त वास घालून जास्त किमतीला विकतात ते घेऊ नका, घरातल्या बायकांचं मॉइश्चरायझर तुम्हालाही चालतं, हेही लिहिलं होतं. यात चोचले कुठे दिसले?

‘गंगापूर रोडवाले’ म्हणालात म्हणून सांगतो. मी सिडकोचा, म्हणजे नाशिकच्या कामगार वस्तीतला. पवननगरात वाढलो. वडील सातपूरला एका कारखान्यात लेथवर होते. कामावरून आले की मोरीत बसून हातावरचं काळं ऑइल कपड्याच्या साबणाने खसाखसा काढायचे आणि त्याच साबणाचा हात तोंडावरूनही फिरवायचे. निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात पहिल्या पानावर येतं त्या दिवसांत त्यांच्या गालांवर पांढरे पापुद्रे धरायचे. नाकपुडीच्या कडेला चीर पडायची आणि सकाळी दाढी करताना ब्लेड नेमकं तिथेच लागायचं. मग तुरटी. आई खोबरेल तेलाची बाटली पुढे करायची, तर म्हणायचे, “मी काय बाई आहे का?” तेलाला पैसे पडत नव्हते, बाटली घरातच होती. तरीही ते कधी लावलं नाही. त्यांचं ते वाक्य आणि तुमचं ‘चोचले’, ही सख्खी भावंडं आहेत भाऊ.

आणि कॉलेजात असताना मी संध्याकाळी त्रिमूर्ती चौकाजवळ एका मेडिकलच्या काउंटरवर उभा राहायचो. हे मी मिरवायला सांगत नाही. पण चेहऱ्यावर पैसे फक्त गंगापूर रोडला खर्च होतात असं ज्याला वाटतं, त्याने तिथे एक संध्याकाळ उभं राहायला हवं होतं. अंबडच्या कारखान्यांत पहिली पाळी सुटली की पोरं यायची. सनस्क्रीन कुणी मागत नव्हतं. मागायचे ती ‘गोरं व्हायची ट्यूब’. एक जण आठवतो. शेपटाकडून गुंडाळत शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली ट्यूब त्याने काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, “हीच द्या. बंद केली की आग होते.” गाल लाल, आणि कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा दिसाव्यात. कपाळ मात्र नेहमीसारखं, कारण तिथे तो लावत नव्हता.

त्या ट्यूबमध्ये काय असतं? मोमेटासोन हे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. काही ठरावीक डागांवर, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचं औषध आहे ते. रोज लावायची क्रीम नाही. सुरुवातीला आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसतो, मित्र विचारतात काय लावतोस, आणि ट्यूबचं नाव पाळीभर पसरतं. पुढे कातडी पातळ होते, उन्हात गेलं की भाजल्यासारखं होतं, पुटकुळ्या येतात, आणि सोडायला जावं तर सगळं उसळून वर येतं. म्हणून माणूस पुन्हा लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पण चिठ्ठी विचारली की गिऱ्हाईक काय करतं, हे काउंटरवर उभा राहिलेला माणूस जाणतो. पुढच्या दुकानात जातं.

ही पोरं काही हौशी नव्हती. पगारातून, आरशात बघून, लग्नाच्या बाजारात उभं राहायचं म्हणून त्यांनी हे केलं. त्यांच्या हाती त्या पैशांत काहीतरी निरुपद्रवी पडावं म्हणून मी तो लेख लिहिला. आणि तुम्ही एका शब्दात त्याचा निकाल लावून मोकळे झालात. उद्या एखादा पोरगा तुमची प्रतिक्रिया वाचून ‘मॉइश्चरायझर म्हणजे चोचले’ म्हणेल आणि ट्यूबकडेच वळेल, हा विचार मनात आला का तुमच्या? नसेलच आला.

आता राहायला मी आनंदवल्लीला आहे, हे कुणीतरी सांगणारच, म्हणून आधीच सांगतो. भाड्याने. आनंदवल्ली गंगापूर रोडवर येते, हे मलाही माहीत आहे. माणसाने जिथे जन्म घेतला तिथेच राहायचं असा काही नियम असेल तर कळवा.

एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर म्हणाल ऐकूनच घेत नाही. लेखाच्या वर जो फोटो होता, काचेच्या कपाटातल्या महागड्या बाटल्यांचा, तो स्वस्तातल्या सवयींवरच्या लेखाला शोभणारा नव्हता. काल तो काढला. तुम्ही फोटोबद्दल काही म्हणाला नव्हतात, पण तुमचा ग्रह त्यावरूनच झाला असणार.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. ट्यूबचा हिशेब: एसपीएफचा, म्हणजे सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवते त्याचा, आकडा ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थर देऊन तपासतात. चेहरा आणि मानेला तो साधारण एक ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणून तर्जनी आणि मधल्या बोटावर ओढलेल्या दोन रेषा. त्याहून कमी लावलं तर डबीवर छापलेलं संरक्षण मिळत नाही. तेव्हा तुमचा दीड महिना बरोबर असेलही. मी ‘साधारण २०० रुपये’ असं लिहिलं होतं, पावती जोडली नव्हती. मोठा पॅक घ्या, एसपीएफ ३० घ्या. ३० आणि ५० मध्ये फरक नगण्य आहे, ३० चं नीट लावलं तरी यूव्हीबी (उन्हातली कातडी भाजणारी) किरणं सुमारे ९७ टक्के अडतात आणि ५० चं ९८. गणितात मन रमत असेल तर पुढचं तुम्ही करा.

वडिलांचा साबण. त्यांना काही झालं नाही याचा आनंद आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. साध्या साबणाचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) नऊ-दहाच्या घरात असतो आणि निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास. तोंड धुतल्यावर ताणल्यासारखं वाटतं ते यामुळेही. काहींची कातडी ते सोसते, काहींची नाही. माझ्या वडिलांची सोसत नव्हती, ते वर लिहिलंय. फेसवॉश परवडत नसेल तर साबणच वापरा, पण दिवसातून एकदा, आणि ओल्या तोंडावर लगेच काहीतरी चोपडा. मेडिकलमध्ये ग्लिसरीनची छोटी बाटली मिळते, तिचे थेंब पाण्यात मिसळून लावले तरी थंडी निघते.

राहिली बाग. थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) किंवा तोडीला येणाऱ्या बायका कशा येतात ते तुम्ही पाहत असालच: साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला ओढणी, फक्त डोळे उघडे. त्यांना कुणी चोचलेवाल्या म्हणत नाही. उन्हापासून बचावाचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे, कुठल्याही क्रीमपेक्षा खात्रीचा, आणि त्याच ओळींमधून बनियनवर फिरणाऱ्या पुरुषांना तो बायकी वाटतो. तुम्हीही टोपी घाला, उपरणं गुंडाळा, मग उघड्या राहिलेल्या नाकाला आणि कानांना सनस्क्रीन किती लागते ते बघा. तुमच्या ट्यूबचा हिशेबही तिथे बदलेल. आणि फवारणीच्या दिवशी तोंडाला काही चोळण्याआधी कपडे बदलून हात-तोंड धुवा, बाकीचं नंतर. बागेचा पत्ता पाठवा, येतो.