पाणी न सोडता शहर जलसुरक्षित कसं करावं

मंडळी, आपलं शहर जलसुरक्षित नाही अशी रुखरुख तुम्हाला अधूनमधून लागत असेल, विशेषतः पहाटे साडेचारला मोटर लावायला उठताना. ती आता सोडा. नवं धरण नको, जुनी जलवाहिनी बदलायला नको, गळती शोधायला तर मुळीच नको. हल्ली एक टॅब, एक प्रश्नावली आणि शेवटी एक रंगीत आलेख एवढ्यात काम भागतं. गेल्याच महिन्यात आमच्या सोसायटीत अशी पाणीपाहणी होऊन गेली, त्यामुळे अनुभवाचे बोल आहेत. शहर कोणतं ते सांगत नाही. ज्याला त्याला आपलंच वाटेल, आणि बहुतेक बरोबरच वाटेल.

सगळ्यात आधी, मोजायचं कुठे ते ठरवा. धरणावर मोजा. तिथे वारा छान असतो, पाणी डोळ्यांना दिसतं आणि तक्रार करायला कोणी बाई कळशी घेऊन उभी नसते. पुण्यासाठी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. मुंबईसाठी सात तलाव मिळून १४.४७ लाख दशलक्ष लिटर. पावसाळ्यात हे आकडे रोज पेपरात येतात आणि आपण भक्तिभावाने वाचतो. "पानशेत भरलं का हो?" हा तर पुण्यातला जुलैमधला नमस्कार आहे. भरलं म्हटलं की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. धरणापासून तुमच्या तोटीपर्यंत मध्ये शुद्धीकरण केंद्र लागतं, मैलोन्‌मैल जलवाहिन्या लागतात, उंच टाक्या लागतात, आणि व्हॉल्व्हमनची मर्जी लागते. असल्या तपशिलात शिरून दृष्टी कोती करून घेऊ नये.

(उभं राहायला टेमघरची भिंत मात्र निवडू नका. तिची गळती २०१६ पासून गाजतेय.)

यानंतर भागाकार करा. एकूण पाणी भागिले एकूण माणसं. केंद्रीय नगरविकास खात्याने २००८ साली सेवांचे निकष ठरवून दिले आहेत: माणशी रोज १३५ लिटर, २४ तास पुरवठा, सगळ्या जोडण्यांना मीटर, हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. यातलं १३५ तेवढं पाठ करा आणि बाकीचं विसरा. २४ तासांचं तर तोंडातूनही काढू नका, लोक हसतात. १३५ गाठणं अगदी सोपं आहे. एका सोसायटीला माणशी २७० द्या, पलीकडच्या तेवढ्याच माणसांच्या वस्तीला काही देऊ नका. आलं १३५. पुण्यात हा भागाकार इतका उत्तम जमलाय की जलसंपदा खातं नेमाने सांगतं, शहर मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलतं. आणि त्याच शहराच्या हद्दीत २०१७ ला आलेल्या ११ आणि २०२१ ला आलेल्या २३ गावांतल्या कितीतरी इमारती टँकरवर जगतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. मुंबईने तर वर्षानुवर्षं माणसाची तहानच दोन मापांत बसवली: इमारतीत राहत असाल तर १३५, झोपडीत राहत असाल तर ४५. झोपडी अनधिकृत असली तरी माणसाचा पाण्यावरचा हक्क जात नाही, हे २०१४ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

पाण्याचा नमुना तपासायचा असेल तर शुद्धीकरण केंद्राच्या दारातच घ्या.

आता प्रश्नावली. ही खरी कला, इथे जरा रेंगाळतो. प्रश्न असा विचारा की उत्तर देणाऱ्याला खोटं बोलता येऊ नये आणि खरंही सांगता येऊ नये. आमच्याकडे जो मुलगा आला तो बिचारा सभ्य होता, घामाघूम झालेला. कुठल्याशा एजन्सीचं ओळखपत्र गळ्यात. म्हणाला, "काका, नळजोड आहे का? हो किंवा नाही एवढंच सांगा." म्हटलं, नळजोड आहे बाबा, पाणी येत नाही. "तो प्रश्न नाहीये, काका." मग कोणता आहे? तर पुढचा प्रश्न, मीटर आहे का. आहे. मीटर चालू आहे का. आता काय सांगू? मीटर चालू आहे. आठवड्यातून कधीतरी मध्यरात्री लाइन उघडते तेव्हा पाण्याच्या आधी हवा येते, फुस्स करून, आणि त्या हवेवर मीटरचं चाक असं काही गरगरतं की बघत राहावं. पाठोपाठ करंगळीएवढी गढूळ धार येते, बादली अर्धी होते, संपलं. पण मीटर चालू आहे का, तर हो, चालू आहे! त्याने टिक केलं. मग पुरावा म्हणून नळाचा फोटो हवा. स्वयंपाकघरात आला, मोबाइल धरला आणि म्हणाला, "काकू, ती बादली जरा बाजूला घेता का, नळ झाकला जातोय." बायकोने बादली बाजूला घेतली. टँकरच्या पाण्याची बादली, बरं का. पिंप बाजूला, पातेली बाजूला, फिल्टरच्या पाण्याचा वीस लिटरचा जारही बाजूला. घरातला पाणीटंचाईचा झाडून सगळा पुरावा चौकटीबाहेर गेल्यावर नळाचा एक सुंदर, चकचकीत, कोरडा फोटो निघाला. त्यावर अक्षांश-रेखांश उमटले. संध्याकाळी मेसेज आला की पाहणीत सहभागी झाल्याबद्दल आभार, आपला प्रतिसाद 'समाधानकारक' या वर्गात नोंदवण्यात आला आहे.

टँकरबद्दल एक प्रश्न नाही! अहो, आमच्या सोसायटीचा सगळ्यात मोठा खर्च टँकर आहे. लिफ्टपेक्षा जास्त, सुरक्षारक्षकांच्या पगारापेक्षा जास्त. वॉचमनकडे एक रजिस्टर आहे, त्यात तारीख, गाडीचा नंबर, वेळ आणि '१०,००० लि.' लिहिलेलं. दहा हजार कोणी मोजले? कोणी नाही. वॉचमन टँकरवर चढतो, झाकण उचलून आत टॉर्च मारतो आणि खाली उतरून सही करतो. तो टँकर कुठल्या विहिरीवर भरला, कुठल्या बोअरवर, की कुणाच्या संगनमताने कुठल्या लाइनवर, हे ड्रायव्हर सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही, कारण उद्या तो आला नाही तर काय? बिल्डरने बांधकाम परवानगी घेताना पाण्याचं हमीपत्र लिहून दिलं होतं. ते हमीपत्र फायलीत आहे आणि बिल्डर पुढच्या साइटवर आहे.

जमिनीखालचं पाणी मोजायच्या भानगडीतही पडू नका. आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी मुरतं ते भेगांत आणि सांध्यांत, त्यामुळे एका प्लॉटवर बोअरला धो-धो आणि शेजारी नुसती धूळ. त्यापेक्षा एक घाबरवणारा आकडा ठेवा. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात होता तसा: २०२० पर्यंत दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबादसह २१ शहरांचं भूजल संपणार. २०२० आलं, गेलं, बोअरचे पंप अजून चालूच आहेत. त्या आकड्यामागे मोजणी कुठली, असे प्रश्न पुढे उठले, पण तोवर तो भाषणाभाषणांतून पोचला होता. खोटी भीती घातली की खऱ्या टंचाईवरचाही विश्वास उडतो, हा त्यातला जादा फायदा.

आणि फारच कोरडं पडलं तर रेल्वे आहे. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून आली, चेन्नईला २०१९ मध्ये जोलारपेटहून.

पुरे. मला आता पुढे हसत लिहिणं जमत नाहीये.

संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-वॉटरने २०१३ मध्येच जलसुरक्षेची व्याख्या केलेली आहे. त्यात पुरेसं पाणी आहे, चांगल्या दर्जाचं पाणी आहे, प्रदूषणापासून आणि पूर-दुष्काळापासून बचाव आहे. त्यात धरणातला साठा म्हणजे सुरक्षा असं कुठेही म्हटलेलं नाही. गोदामातली पोती मोजून गावात कोणी उपाशी नाही असं जाहीर करावं, तसला हा कारभार आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. खडकवासल्याच्या पायथ्याशी! शंभरावर माणसं आजारी पडली, काही व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली, तेव्हा कुठे विहिरी, टँकर आणि गल्लोगल्लीचे आरओ प्लांट यांच्यातलं पाणी तपासायची धावपळ सुरू झाली. ते प्लांट काय रातोरात उगवले होते? दूषित नळाला कंटाळून लोक तिथून जार भरत होते, हे आधी कुठल्याच पाहणीत का दिसलं नाही? दिसलं नाही, कारण विचारलं नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनवर २०१८ मध्ये पाणी संपायची वेळ आली तेव्हा तिथल्या पालिकेने लोकांना तोंडावर सांगितलं, माणशी दिवसाला ५० लिटर, त्यापेक्षा जास्त नाही. वाईट बातमी होती, पण खरी होती. आपल्याकडे माझ्या नावावर कागदोपत्री १३५ लिटर रोज खर्ची पडतात. ते कोण पितं?

मोजायचंच असेल तर नळाशी मोजा. प्रत्येक टाकीतून किती सोडलं आणि त्या टाकीखालच्या घरांच्या मीटरवर किती उतरलं, दोन आकडे शेजारीशेजारी लावा. पाणी किती तास आलं, किती दाबाने आलं आणि रात्री किती वाजता आलं, ते प्रभागवार दर आठवड्याला जाहीर करा. तोटीतल्या पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का ते तोटीवरच बघा. प्रत्येक टँकरला मीटर लावा, तो कुठे भरला आणि कुठे रिता झाला ते लिहून ठेवा. यातलं काहीही अवघड नाही. हे सगळं न मोजण्यात कोणाचा तरी धंदा आहे, म्हणून होत नाही.

आणि तुम्ही हो, वाचणारे! धरण भरल्याचे फोटो ग्रुपवर टाकून अंगठे मिळवता, पाणीपट्टी भरता, वर टँकरचे पैसेही भरता, आणि मत मागायला दारात आलेल्या माणसाला एकदाही विचारत नाही की आमच्या भागाचा व्हॉल्व्ह किती तास उघडा असतो. विचारा ना. पुढच्या पाहणीत टँकरचा रकाना असल्याशिवाय सही देऊ नका. टॅबमध्ये एक प्रश्न वाढवायला काही धरण बांधावं लागत नाही.