मढ्याच्या टाळूवरचं लोणी

हे शब्द माझ्या अक्काला ऐकावे लागले. दाजींचा तेरावा होऊन चार दिवस झाले नव्हते. मी पोलीस ठाण्यात पंचनाम्याची नक्कल आणायला गेलो होतो, ते गावात कळलं आणि पारावर कुणीतरी बोललं, "मेव्हण्याला लई घाई झालीय. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला निघालेत." संध्याकाळपर्यंत ते आमच्या ओसरीवर पोचलं. अक्का काही बोलली नाही, उठून म्हशींना वैरण टाकायला गेली.

पोस्ट लांब होणार आहे. आधीच सांगतो.

जानेवारी 2023. दाजी माजलगावहून मोटारसायकलवर गावाकडं निघाले होते, मागं दुधाच्या रिकाम्या कॅन. समोरून ओव्हरटेक करत आलेल्या कारनं उडवलं. वय 38. घरात अक्का, दोन लेकरं, दाजींची आई. तीन एकर कोरडवाहू, पाच म्हशी आणि एक पिठाची गिरणी.

सावडायच्या दिवशीच कारवाल्याकडचे दोन पुढारी आले. तीन लाख रोख, शंभराच्या बॉण्डवर सही, आमची काही तक्रार नाही म्हणून. "सर, तुम्ही शिकलेले आहात. कोर्टात चपला झिजतात. गेलेला माणूस काय परत येत नसतो." अक्काचे चुलत सासरे जवळजवळ तयार झाले होते. मला त्यांचा राग नाही. एका फेरफारासाठी ज्यानं दोन वर्षं हेलपाटे घातले, त्याला हातात आलेले तीन लाख खरे आणि कोर्टातले वीस लाख खोटेच वाटणार.

पण यातली गोम अशी की त्या कारचा विमा होता. भरपाई कारवाल्याच्या खिशातून जाणारच नव्हती, ती विमा कंपनी देणार होती. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा, कायद्यानं सक्तीचा केलाय तो याचसाठी. मग हा माणूस तीन लाख कशाचे द्यायलाय? फौजदारी केसचे. बॉण्डवर एक ओळ होती : "अपघात मयताच्या चुकीमुळे झाला." तेवढ्या एका ओळीवर अक्काचा क्लेम बुडाला असता. कारवाल्याला माफ करायचं तर खुशाल करा, ते ज्याच्या त्याच्या मनावर आहे. पण फौजदारी वेगळी आणि क्लेम वेगळा, हे बैठकीत सांगणारा एक माणूस पाहिजे. आमच्याकडं बैठकीला माणसं चाळीस असतात आणि हे सांगणारा एकही नसतो.

आता लोण्याचा हिशोब मांडतो, कारण क्लेम म्हणजे लॉटरी असं अजूनही लोकांना वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा होतो आणि रक्कम काढायची रीत सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या दोन निकालांत घालून दिली आहे. माणसाची महिन्याची कमाई धरायची. स्वतःचा धंदा असणारा आणि वय चाळिशीच्या आत असेल, तर पुढं कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के मिळवायचे. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा. मागं चार ते सहा माणसं असतील तर चौथा हिस्सा. राहिलेल्याचं वर्षाचं करून वयाप्रमाणं गुणायचं. 36 ते 40 वयाला गुणक 15.

दाजींची कमाई कोर्टानं महिना 10,000 धरली. त्यात 40 टक्के घातले की 14,000. चौथा हिस्सा वजा, 10,500. वर्षाचे 1 लाख 26 हजार. गुणिले 15, म्हणजे 18 लाख 90 हजार. शिवाय अंत्यविधीचे, आणि नवरा, बाप, मुलगा गेला म्हणून प्रत्येकाचे थोडे वेगळे. त्यावर दावा दाखल केल्यापासूनचं व्याज.

कंपनीचं म्हणणं होतं की कमाईला पुरावा नाही, 6,000 धरा. तेव्हा मी मास्तरकीच्या सवयीनं आकडेमोड केली. या हिशोबात महिन्याच्या दर हजार रुपयांमागं 1 लाख 89 हजार पडतात. म्हणजे चार हजारांच्या फरकाला साडेसात लाखांच्या वर. आणि हा फरक कुठं अडकलेला असतो? पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली ठेवलेल्या दूध डेअरीच्या कार्डांत. सकाळ किती लिटर, फॅट किती, संध्याकाळ किती. सहा वर्षांची कार्डं दाजींनी रबर लावून ठेवली होती, मागच्या बाजूला पेंडीचा, सरकीचा हिशोब स्वतःच्या अक्षरात. गिरणीची वीजबिलं होती. ते ठेवायची त्यांना खोडच होती, नाहीतर आमच्या भागात दहा हजार कमावणाऱ्या किती माणसांच्या कमाईचा एक चिटोरा तरी सापडेल? रोजानं जाणारा, भाजी विकणारा, वरातीत बँड वाजवणारा. माणूस जिवंत असताना त्याची कमाई कुणी लिहून ठेवत नाही, आणि मेल्यावर कोर्ट म्हणतं, दाखवा. माझं भांडण खरं तर या गोष्टीशी आहे, पण ते एका पोस्टनं मिटणारं नाही.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी अक्काला विचारलं, "जमीन अजून तुमच्याच नावावर आहे ना? मग उत्पन्न कसं बुडालं?" असल्या प्रश्नांची तयारी आमच्या वकिलांनी करून घेतली होती. पण अक्का तयारीतलं बोललीच नाही. म्हणाली, "साहेब, रान आहे. ते कसायला माणूस लागतो." पुढचा प्रश्न हेल्मेटचा. डोक्यात हेल्मेट नव्हतं, खरं आहे. पण समोरचा ओव्हरटेक करत उजव्या अंगाला आला होता, आणि ते पंचनाम्याच्या नकाशात टायरच्या खुणांसकट मांडलेलं होतं, कारण पंचनामा होताना मी तिथं उभा होतो. रडायचं सोडून मोजमाप बघत उभं राहणं किती विचित्र असतं हे मला माहीत आहे. तरी सांगतो, घरातल्या एका माणसानं उभं राहावं.

आणि घाईचं. "वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बघू," हे मला अनेकांनी सांगितलं, त्यातले काही अगदी भल्या मनाचे. त्यांचीही चूक नाही. 1994 ला कायद्यातून मुदत काढून टाकली होती, तेव्हापासून "क्लेमला मुदत नसते" हे गावोगाव पाठ झालंय. पण 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर आपलं घर कशाला टांगायचं? श्राद्ध बाराव्या महिन्यात येतं आणि मुदत सहाव्या महिन्यात संपते. सुतकात कागद गोळा करणं वाईट दिसतं, दिसू द्या.

आता खरं लोणी कोण खातं ते सांगतो. आमच्या दारात क्लेम मिळवून देतो म्हणणारा पहिला एजंट आला तो पोलिसांच्या आधी. दवाखान्यातून त्याला फोन गेला होता. गोड बोलला, अक्काला माय म्हणाला. एक पैसा लागणार नाही, निकालानंतर तीस टक्के. सोबत कोरे वकीलपत्र आणि दोन कोऱ्या चेकवर सह्या. अठरा लाखांचे तीस टक्के किती होतात ते लेकरांच्या वयासमोर मांडून बघा. बार कौन्सिलच्या नियमात स्पष्ट आहे की वकिलानं निकालावर अवलंबून फी ठरवू नये, मिळालेल्या रकमेत वाटा मागू नये. तरी टक्केवारी चालते, उघड चालते, आणि पारावर त्याला कुणी लोणी म्हणत नाही. बाईनं लेकरांसाठी मागितलं तरच ते लोणी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अटही नाही. मलाही हे उशिरा कळलं. आम्ही ठरलेली फी देऊन चांगला माणूस गाठला, पण नसती ऐपत तर त्या कोऱ्या चेकवर अक्काची सही झालीच असती, हे मी नाकबूल करत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होतात आणि बिगर रिफ्लेक्टरच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरतात. अपघात सांगलीला झाला, कर्नाटकात झाला, तरी दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताचे क्लेम चालतात त्या कोर्टात, लावता येतो. तिकडं तारखांना जायची गरज नाही. मुकादम काहीही सांगो. दुसरं, हाताची बोटं गेली आणि दाखला 20 टक्के अपंगत्वाचा मिळाला, तर तेवढ्यावर गप्प बसू नका. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) या निकालानं सांगितलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं अपंगत्व एकच नसतं. कारकुनाची दोन बोटं आणि कोयता धरणाऱ्याची दोन बोटं सारखी कशी होतील? मात्र हे डॉक्टरांच्या साक्षीतून कोर्टापुढं यावं लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून जाणाऱ्यांचं प्रकरण अवघड असतं, कारण विमा बहुतेक वेळा शेतीकामाचा असतो आणि कंपनी तिथंच हात वर करते. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

निकाल मागच्या वर्षी लागला. लेकरांचे पैसे अठरा पूर्ण होईपर्यंत मुदत ठेवीत. कंपनी अपिलात औरंगाबाद खंडपीठात गेली आहे, त्यामुळं सगळी रक्कम अजून हातात नाही. गिरणी अक्काच चालवते. म्हशी पाचाच्या दोन राहिल्या.

परवा रविवारी गेलो होतो. पीठ झटकत बाहेर आली आणि विचारलं, "अप्पा, कोर्टात दिलेली डेअरीची कार्डं परत मिळतात का रे?"

मी म्हणलं, मिळतात, अर्ज करावा लागतो. पण अपील मिटल्यावर. झेरॉक्स आहे ना आपल्याकडं?

"झेरॉक्स नको," म्हणाली. "त्यावर त्यांच्या पेनाचं निळं येत नाही."