सिलिकॉनच्या धारेचे टवके : एका प्रतिक्रियेला उत्तर

सिलिकॉनची कापायची पाती बनवण्यावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की सिलिकॉन काचेसारखं ठिसूळ, त्यामुळे केओएचने (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने) कोरलेल्या पात्याचे चार कापांतच टवके उडतील. वर हिऱ्यासारख्या कार्बनचा थर दिल्याने काही साधणार नाही. ठिसूळपणाचं तुमचं म्हणणं खरंच आहे. पण टवका निघतो तो आधीच्या खाचेतून. धारेवर १ मायक्रॉन खोल खाच असेल तर पातं साधारण ४५० मेगापास्कल ताणाला तुटतं, ०.१ मायक्रॉनची असेल तर १४०० पर्यंत तग धरतं. पदार्थ तोच, ताकद तिप्पट.

आणि खाचा बहुतेक वेळा मास्कच्या, म्हणजे कोरायचा नसलेला भाग झाकणाऱ्या थराच्या, जुळणीतूनच येतात. वेफरचा (ज्यातून पातं कोरायचं त्या सिलिकॉनच्या पातळ चकतीचा) सपाट काठ स्फटिकाच्या दिशेपासून अंशभर चुकलेला असू शकतो. १० मिलिमीटरच्या धारेवर १ अंश म्हणजे १७५ मायक्रॉनची तिरपी सरक. मग केओएच गुळगुळीत (१११) पृष्ठाऐवजी (स्फटिकातलं हे प्रतल ते फार हळू कोरतं) पायऱ्या पाडतं आणि प्रत्येक पायरी ही एक खाच. म्हणून आधी पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक रेघा थोडा वेळ कोरून पाहा. ज्या रेघेच्या कडेला मास्क सर्वांत कमी पोखरला जाईल, तीच खरी दिशा. हा टप्पा कृपया गाळू नका.

५२५ मायक्रॉनचं वेफर ३० टक्के केओएचमध्ये ८० अंश सेल्सिअसला आरपार व्हायला सात-आठ तास लागतात. १ मायक्रॉनचा सिलिकॉन ऑक्साइडचा मास्क त्याच्या कितीतरी आधी संपतो, त्यामुळे मास्क सिलिकॉन नायट्राइडचाच हवा, तोही दोन्ही बाजूंना. मागचा थर फाटला तर द्रावण धार मागून खातं.

पुढे गरम हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने केओएचमधून राहिलेलं पोटॅशियम धुऊन काढा, नाहीतर पुढच्या टप्प्याची भट्टी दूषित होते. मग ९५० अंशांना कोरड्या ऑक्सिजनमध्ये ऑक्साइड वाढवा. टोकाशी ताणामुळे तो हळू वाढतो, म्हणून हायड्रोफ्लुओरिक आम्लाने काढल्यावर धार आणखी बारीक होते. (हे आम्ल अंगावर सांडल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर त्याच्या बाटलीला हात लावू नका.)

कार्बनच्या थराबाबत तुमची शंका योग्य आहे. लेखात जाडी द्यायला हवी होती. धारेची त्रिज्या जवळपास थराच्या जाडीइतकी वाढते. ३०० नॅनोमीटर दिलात तर सगळी मेहनत बोथट होईल. ५० च्या आसपास थांबा.

हाडासाठी किंवा पातं पिळवटणाऱ्या कापासाठी मात्र पोलादच वापरा. (१११) पृष्ठ वेफरच्या पृष्ठभागाशी करतं तो ५४.७ अंशांचा कोन धारेसाठी जाड वाटत असेल, तर स्फटिकाच्या दिशेपासून २५ अंश तिरक्या कापाचं वेफर मागवा. एका बाजूला सुमारे ३० अंशांची धार मिळते. समोरची बाजू ८० अंशांजवळ जाते, तेव्हा मास्कवर सगळ्या धारा एकाच दिशेला मांडा.