तापीच्या दरडीतले शिंपले समुद्राचे नाहीत

तापी, पूर्णा, गिरणा यांच्या काठच्या दरडी पावसात ढासळल्या की एक संदेश फोटोंसह फिरू लागतो. त्याचा सारांश असा: दरडीत सापडलेले शिंपले समुद्री आहेत, ते शेल खडकात आहेत, व्हिनेगर टाकताच फेस येतो म्हणून ते जीवाश्म आहेत, आणि त्यांचे वय साडेसहा कोटी वर्षे असल्याने तेव्हा खानदेशात समुद्र होता. फोटोतले शिंपले खरे असतात, पण त्यांच्यावरून काढलेला एकही निष्कर्ष टिकत नाही.

‘समुद्री शिंपले’

शिंपला हातात घेऊन आतली बाजू बघा. लांबट, 5 ते 10 सेंटिमीटरचा, आत मोत्यासारखी चकाकी आणि बिजागरीशी लांब पातीसारखे दात असतील, तर तो लॅमेलिडेन्स, म्हणजे आजही आपल्या नद्यांत राहणारा गोड्या पाण्यातला शिंपला. टोकाशी कवच झिजलेले असणे हीही नदीतल्या शिंपल्यांची नेहमीची खूण. 2-3 सेंटिमीटरचा, तिकोनी, कडेला समांतर वळ्या असलेला शिंपला कॉर्बिक्युलाचा. फुगीर वेढ्यांचा शंख बेलामियाचा, तर सुईसारखा निमुळता मेलॅनॉइड्सचा. हेही गोड्या पाण्यातलेच. समुद्र सिद्ध करायचा तर ऑयस्टर, प्रवाळ, समुद्री साळिंदर किंवा अमोनाइट (नामशेष झालेला, गुंडाळलेल्या कवचाचा समुद्री प्राणी) दाखवावे लागेल. या संदेशातल्या फोटोंत यांपैकी काहीच नसते.

‘शेल खडक’

शेल म्हणजे चिखल दबून घट्ट झालेला, पापुद्र्यांनी सुटणारा खडक. तापीच्या उभ्या दरडी पिवळट-तपकिरी गाळाच्या आहेत. त्यात वाळूचे थर आणि चुनखडीचे खडे असतात. आडव्या रेषा दिसतात म्हणून फसगत होते. सुपारीएवढे ढेकूळ दोन दिवस उन्हात वाळवून ग्लासभर पाण्यात सोडा. गाळ असेल तर बुडबुडे सोडत काही मिनिटांत विरघळून बसतो. ओले ढेकूळ टाकले तर ते तसेच राहते आणि ‘खडकच आहे’ असा चुकीचा निर्णय होतो. चुन्याने सांधलेला गाळही लवकर फुटत नाही, म्हणून एकाच थरातले तीन-चार तुकडे तपासावेत.

‘व्हिनेगरने फेस आला’

कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. काल मेलेल्या शिंपल्यालाही फेस येतो. या चाचणीने वय कळत नाही, उलट बारीक नक्षी खाल्ली जाते आणि नमुना कायमचा बिघडतो. त्यापेक्षा कवचाकडे नीट पाहावे. बाहेरची तपकिरी-हिरवी साल शिल्लक असेल तर शिंपला अगदी अलीकडचा. साल गेली पण मोतिया चकाकी टिकली, तरीही फार जुना असण्याची शक्यता कमी. कोट्यवधी वर्षांत हे कवच बहुधा विरघळते, नव्याने स्फटिकते किंवा त्याची जागा सिलिका (गारगोटीतले द्रव्य) घेते.

‘साडेसहा कोटी वर्षे’

हा आकडा आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली आणि त्यांतल्या गोगलगायी जीवाश्म झाल्या, हेही खरे. फायसा हा त्यांतला प्रसिद्ध शंख: टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले तर ते डावीकडे येते. पण असे जीवाश्म लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये, बहुतेकदा काचेवर ओरखडा काढणाऱ्या गारगोटीसारख्या दगडात मिळतात. डावे तोंड एवढ्यावरही भागत नाही, कारण आजच्या डबक्यांतही डावखुऱ्या गोगलगायी असतात.

तापीचा गाळ लाव्ह्याच्या वर बसला आहे, म्हणजे तो लाव्ह्यानंतरचा. यावल-रावेर पट्ट्यात तो अनेक ठिकाणी 100 मीटरहून जाड आहे. समुद्राची गोष्ट येते ती नर्मदा खोऱ्यातून. धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वीचे खरे समुद्री जीवाश्म आहेत. तो समुद्र लाव्ह्याच्या आधीचा, आणि मध्ये सातपुडा. शिंपले आजच्या पात्राच्या कितीतरी वर सापडतात याचे कारण सरळ आहे: नदीने स्वतःचाच जुना गाळ कापत पात्र खाली नेले.

मग वय कसे काढायचे? कार्बन-14, म्हणजे अवशेषात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत, सुमारे 50,000 वर्षांपर्यंतच चालते. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे उत्खननात मिळालेल्या शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे वय असेच सुमारे 25,000 वर्षे निघाले. खानदेशाला हे वैभव पुरेसे आहे. त्यावर खोटा समुद्र चढवू नये. नदीतल्या शिंपल्याला मात्र एक अडचण असते. पाण्यातल्या चुन्याचा जुना कार्बन कवचात जातो आणि वय खऱ्यापेक्षा जास्त येते. म्हणून त्याच थरातला कोळसा मिळाल्यास तोही तपासतात, किंवा वाळूवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजतात. त्यासाठी वाळू अपारदर्शक नळीत घ्यावी लागते. उजेड लागला की नमुना वाया.

शिंपला उपटण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, दरडीच्या माथ्यापासूनची खोली आणि थराचा रंग लिहा. दोन्ही शिंपा, म्हणजे कवचाचे दोन्ही भाग, मिटलेल्या असतील तर प्राणी बहुधा तिथेच मेला. सुट्या, तुटक्या, पाठ वर करून पडलेल्या शिंपा प्रवाहाने आणलेल्या असतात. ढिगाऱ्यातून उचललेल्या शिंपल्याचा थर कळत नाही, तसे चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. आणि पावसानंतर काही दिवस दरडीच्या पायथ्याशी खणू नका. हा गाळ उभाच्या उभा कोसळतो.