टाकीतला फुगा आणि पाचशेचं पेट्रोल

आमच्या बाबांच्या मते पेट्रोलच्या काट्यावर जो 'ई' असतो तो 'एवढ्यात येतं' मधला आणि 'एफ' असतो तो 'फुकटचा खर्च' मधला. गाडी 1999 ची. मी 2008 मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हापासून आरटीओने तीनदा पासिंग करून दिलंय, इंजिन अजून पहिल्या सेल्फला उठतं, त्यामुळे तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. वय झालं की माणसाचे गुडघे जातात, तिचा काटा गेला, एवढंच.

आता काटा गेला म्हणजे नुसता बंद पडला असता तर परवडलं असतं. बंद पडलेलं घड्याळसुद्धा एकदा मान्य केलं की त्रास देत नाही. पण हा पाववर आला की चक्कर आल्यासारखा धाडकन खाली पडायचा, टाकीत सात-आठ लिटर असताना, आणि आपण घाबरत घाबरत पंप शोधत निघालो की वाढे फाट्यापासून लिंब खिंडीपर्यंत जाता जाता हळूहळू परत वर यायचा. म्हणजे जितकी गाडी चालवावी तितकं पेट्रोल वाढायचं! जगात असं वाहन फक्त सातारच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये होतं आणि मी त्याचं पेटंट घ्यायच्या ऐवजी ते दुरुस्त करायला निघालो, हीच चूक.

घरात तोवर प्रत्येकाची पद्धत बसलेली होती. मी काचेवर टिचकी मारायचो. बायको म्हणायची, अहो टिचकीने काय होतंय, आणि तळहाताने डॅशबोर्डवर अशी थाप द्यायची की काट्याबरोबर रेडिओपण चालू व्हायचा. पण खरा रामबाण उपाय मुलीकडे होता. टाकी मागच्या सीटखाली, त्यामुळे तिने मागे बसल्या बसल्या एक उडी मारली की काटा टुणकन उठायचा. "ए, जरा उडी मार गं" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हटलंय की एकदा मेव्हणा गाडीत होता तर त्याने आपणहून विचारलं, मी पण मारू का. त्याचं वजन बघून नको म्हटलं.

बाबांना या सगळ्याचं हसू यायचं. त्यांच्या स्कूटरला काटाच नव्हता. झाकण उघडायचं, स्कूटर थोडी हलवायची, आत डोकवायचं, खळखळ आली की निघायचं. आणि इतकं करून रस्त्यात भुकभुक झालीच तर खाली हात घालून नळ रिझर्व्हवर फिरवायचा, की पंपापर्यंत पोचायची सोय. बाबा तो नळ फिरवायचे चालत्या स्कूटरवर, न बघता, मागे आई, पुढे उभा मी, आणि डाव्या हाताला भाजीची पिशवी लटकलेली. अशा माणसाला काट्याचं कौतुक सांगायला जाऊ नये.

पहिला संशय मी पंपावर घेतला. पाचशेचं टाकूनही काटा जागचा हलला नाही म्हणून तिथल्या पोराशी वाद घातला. पोरगं बिचारं म्हणालं, काका झिरो दाखवला होता की. मला कुठून तरी माहीत होतं की पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटर इकडेतिकडे चालतं. मागितलं. मॅनेजर स्वतः माप घेऊन आला, मागे रिक्षावाल्यांची रांग, सगळे उतरून बघायला आले, आणि पेट्रोल बरोब्बर रेघेवर. एका रिक्षावाल्याने मला "समाधान झालं का?" असं इतक्या प्रेमाने विचारलं की नंतर चार महिने मी त्या पंपावर गेलो नाही.

मग शेजारच्या काकांनी निदान केलं, इथेनॉल. ते आजकाल सगळ्याला इथेनॉलच म्हणतात, त्यांचा मिक्सर जळला तेव्हाही म्हणाले असते. "अरे 20 टक्के ऊस पाजतायत गाडीला, काट्याला मधुमेह होणारच." आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे हे मोठ्याने बोलायचं नसतं, ते गेटजवळ उभं राहून बोलतात.

मग मी मीटरवाल्याकडे गेलो. त्याने अख्खा मीटर उचकटून चार दिवस ठेवून घेतला, ते चार दिवस मी स्पीड, किलोमीटर, पेट्रोल यातलं काहीही न बघता देवाच्या भरवशावर गाडी चालवली (आणि खरं सांगतो, इतका निवांत मी कधीच चालवली नव्हती), आठशे रुपये घेतले आणि मीटर परत दिला तेव्हा त्याची काच आरशासारखी चमकत होती. काटा पाववर आला आणि पडला. पण आता पडताना स्पष्ट दिसत होता.

शेवटी पोवई नाक्याजवळच्या आमच्या जुन्या मेस्त्रींकडे गेलो, जिथे पहिल्यांदाच जायला हवं होतं, पण ते ओरडतात म्हणून मी टाळतो. त्यांनी मागची सीट उचलली, टाकीवरच्या युनिटची वायर काढली, मला म्हणाले चावी फिरवा, आणि वायरचं टोक बॉडीला टेकवलं. काटा सावकाश उठला आणि फुलवर जाऊन बसला. वायर लगेच काढली, काटा तितकाच सावकाश खाली.

"मीटर ठणठणीत हाय. वायरिंग पण. दुखणं टाकीत हाय."

"पण मीटरवाला म्हणाला..."

"किती घेतलं त्यानं?"

"आठशे."

मेस्त्री काही बोलले नाहीत, फक्त पोऱ्याकडे बघितलं. पोऱ्या हसला.

हे जे युनिट असतं ना, ते इतकं साधं असतं की राग येतो. एक दांडी, तिच्या टोकाला फुगा, म्हणजे फ्लोट. पेट्रोलबरोबर फुगा वरखाली होतो, दांडीचं दुसरं टोक एका रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत फिरतं, त्याने करंट कमीजास्त होतो, आणि तो आमच्या काट्याच्या मागे असलेल्या दोन धातूंच्या पट्टीला तापवतो, ती वाकते आणि काटा हलतो. तापायला वेळ लागतो म्हणून काटा आळशी, आणि ते बरंच आहे, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला टाकीतल्या लाटांबरोबर नाचला असता. आपल्या रस्त्यांवर तर त्याची लावणीच झाली असती. आणि फुगा टाकीत एकाच ठिकाणी तरंगतो, त्यामुळे चढ लागला, पेट्रोल मागे सरकलं, की त्याला वाटतं दुष्काळ पडला.

तर मेस्त्रींनी बॅटरीची वायर काढली, बिडी ओढत बघायला आलेल्या एका गिऱ्हाईकाला आईवरून हाकललं आणि युनिट बाहेर काढलं. पट्टी पुसून उन्हात धरली. मग माझ्याकडे बघितलं.

"सायेब, अर्ध्याच्या वर कधी गेलाच नाय वाटतं?"

मी वाकून बघितलं. पट्टीचा वरचा सगळा भाग नवाकोरा, पंचवीस वर्षांचा वाटत नव्हता. आणि खाली, पावच्या आसपास, घासून घासून पार खोबण. तिथे पट्टीच उरली नव्हती. दांडी त्या खोबणीत आली की कनेक्शन तुटायचं, काटा पडायचा, पेट्रोल अजून कमी झालं की दांडी खोबणीच्या पलीकडे जायची आणि काटा जिवंत व्हायचा. पेट्रोल वाढायचं ते असं.

आणि ती खोबण कोणी पाडली? मी. सोळा वर्षं दर चार दिवसांनी "पाचशेचं टाक" म्हणून. आता पाचशेत पाच लिटरसुद्धा येत नाही पण तोंडाला सवय पाचशेचीच. पस्तीस लिटरची टाकी मी दोनदाच फुल केली, एकदा गुहागरला जाताना आणि एकदा पंपावरच्या पोराला 'फोन पे' च्या ऐवजी 'फुल' ऐकू आलं तेव्हा. बाकी अख्खं आयुष्य तो फुगा तळाच्या दोन बोटांत पोहत होता. माणसाच्या पगाराची स्लिप कुठे कुठे छापलेली असते बघा. मेस्त्री, पोऱ्या आणि तो बिडीवाला, तिघंही ती वाचत होते.

नवीन युनिट साताऱ्यात मिळेना. पुण्याला नाना पेठेत गेलो, जिथे गाडीचा नट मागितला तर आधी गाडीची जन्मतारीख विचारतात. एका दुकानात मिळालं, दुकानदार म्हणाला डिट्टो हेच, डोळे झाकून लावा. मेस्त्रींनी बहुतेक तसंच लावलं. चावी फिरवली, टाकीत मोजून तीन लिटर, आणि काटा थेट फुलवर! मला तर गहिवरून आलं, बायकोला फोटो पाठवला. मेस्त्री म्हणाले थांबा जरा, आणि फुगा हाताने वर उचलला तर काटा रिकाम्यावर. युनिट दुसऱ्याच कुठल्या गाडीचं होतं. आमच्या गाडीला टाकी भरली की ओहम, म्हणजे त्या पट्टीचा रेझिस्टन्स, कमी हवेत, त्याला भरली की जास्त. सगळं उलटं. म्हणजे पेट्रोल जसजसं संपेल तसतसा काटा चढत जाईल, आणि गाडी बंद पडेल तेव्हा आपण टाकी फुल म्हणून निवांत. बाबा म्हणाले हेच ठेव, निदान मनाला बरं वाटेल.

परत पुणे. येणंजाणं सव्वादोनशे किलोमीटर, त्याचं पेट्रोल धरलं तर ते युनिट चांदीचं पडलं. यावेळी मी जुनं युनिट आणि मल्टिमीटर दोन्ही घेऊन गेलो आणि दुकानाच्या काउंटरवर ओहम मोजत बसलो. दुकानदार आधी हसला, मग त्याने स्वतःची अजून दोन युनिटं मोजून घेतली.

हे मात्र बसलं. मेस्त्रींनी टाकी पूर्ण रिकामी करून पत्र्याच्या मापाने पाच-पाच लिटर ओतलं, मी काचेवर चिकटपट्टीचे तुकडे लावत गेलो, दांडी दोनदा काढून किंचित वाकवली, आणि संध्याकाळी सहा वाजता आमचा काटा खरं बोलायला लागला. निघताना मेस्त्री म्हणाले, "आता जरा अर्ध्याच्या वर ठेवत जावा, न्हायतर हे पण तिथंच घासंल."

पुढच्या रविवारी पुण्याला लग्न होतं. जाताना बोगद्यातून मजेत गेलो. येताना खंबाटकीचा घाट, गाडीत सगळे, पोटात मठ्ठा-जिलबी, दुसऱ्या वळणावर मीटरमध्ये कोपऱ्यात एक नारिंगी दिवा लागला. हा दिवा मी सोळा वर्षांत पाहिलेला नव्हता. तिथे दिवा आहे हेच मला माहीत नव्हतं, त्यावरचं चित्र उन्हाने पार पुसलेलं. काळजाचं पाणी झालं. मी म्हटलं ऑइल, बायको म्हणाली इंजिन तापलं, बाबा म्हणाले आमच्या स्कूटरला दिवाच नव्हता. मुलीने सवयीने उडी मारली, दिवा विझला नाही. पण घाट संपून सपाटीला लागलो तर आपोआप गेला, मग एका चढाला परत लागला. सुरूरच्या अलीकडे कडेला घेतली, बॉनेट उघडलं, ऑइल बघितलं, पाणी बघितलं, बेल्ट दाबून बघितला, सगळं छान. शेवटी मेस्त्रींना फोन.

सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काटा काय म्हणतोय?"

"ई च्या थोडा वर. पण त्याच्याकडे कोण बघतंय!"

फोनवर बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज. मग म्हणाले, "सायेब, त्या नव्या युनिटात सेन्सर असतो. पेट्रोलमधी बुडालेला असला की गार, उघडा पडला की तापतो आन् दिवा लागतो. जुन्यातला कधीच मेला असंल. पेट्रोल टाका."

पंप दोन किलोमीटरवर होता. तिथवर कोणी एकमेकांशी बोललं नाही. पोराने झाकण उघडलं, नोझल लावलं, झिरो दाखवला आणि विचारलं, किती. मला मेस्त्री आठवले, ती खोबण आठवली, नाना पेठ आठवली. मी काच खाली करून तोंड उघडणार इतक्यात मागून बाबांचा आवाज आला.

"पाचशेचं टाक रे बाळा. एवढ्यात येतं."