शिक्क्याने प्रत बिघडत नाही
पूर्वीच्या मालकाचे नाव वा शिक्का असला की जुन्या राजकीय पुस्तकाचे मोल घटते, हे जुनी राजकीय पुस्तके जमवण्याविषयीच्या तुमच्या लेखातील विधान मला पटले नाही. ब्रिटिश प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांनी १९३६ मध्ये सुरू केलेल्या लेफ्ट बुक क्लबची, म्हणजे सभासदांना डाव्या विचारांची पुस्तके पुरवणाऱ्या मंडळाची, नारिंगी कापडी बांधणीची पुस्तके मी बरीच वर्षे जमवतो आहे. ‘सर्वसामान्यांना विक्रीसाठी नाही’ असे मुखपृष्ठावरच छापलेली ही पुस्तके केवळ सभासदांसाठी असल्याने, ती कोणाच्या हातून फिरली हे कळण्यातच निम्मा आनंद असतो. लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवर मिळालेल्या माझ्या एका प्रतीवर कामगार संघटनेच्या शाखेचा जांभळा शिक्का आहे आणि समासात कोणीतरी पेन्सिलीने आठवड्याच्या पगाराची बेरीज मांडली आहे. कोरी करकरीत प्रत देऊ केली तरी मी ती बदलून घेणार नाही.

पातळ राजकीय पुस्तिकांचा खरा शत्रू म्हणजे त्यांची पाने जोडणारी गंजलेली पिन, आणि तिच्याविषयी लेखात अवाक्षरही नाही.