आपण कोथिंबीर विकतो का?

लेकीकडे माद्रिदला तीन महिने राहायचं ठरलं आणि साठी उलटल्यावर मी वही घेऊन स्पॅनिशला बसले. धडा पहिला: नियमित क्रियापद, वर्तमानकाळ. 'बेंदेर' म्हणजे विकणं. (लिहायचं 'व्ह', म्हणायचं 'ब'. माझा विश्वास तिथेच उडाला.) शेवटचा 'एर' काढून टाकायचा आणि उरलेल्या 'बेंद'ला प्रत्यय डकवायचे: बेंदो, बेंदेस, बेंदे, बेंदेमोस, बेंदेइस, बेंदेन.

घोकताना शाळेतलं संस्कृत आठवलं. पठामः, बेंदेमोस, पठन्ति, बेंदेन. म्हणजे लांबची का होईना, भावकीच! वर द्विवचन नाही, आणि बाई विकते की बुवा विकतो याची चौकशीही नाही. म्हटलं, हे तर चुटकीसरशी होईल.

खोच निघाली मानाच्या 'तुम्ही'त. अनोळखी माणसाला 'उस्तेद' म्हणायचं, पण क्रियापद लावायचं 'तो'चं. मूळ शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे जवळपास आपलं 'सरकार'. सरकार कोथिंबीर विकतात का? त्यातून सर्वनाम बहुतेक गाळतातच. म्हणजे कोण विकतंय याचा सगळा भार शेवटच्या अक्षरावर.

लावापिएसच्या मंडईत मागे चार माणसं रांगेत, पुढे भाजीवाला, आणि माझ्या तोंडून निघालं, "बेंदो सिलांत्रो?" पाठांतराचं हेच असतं, पहिलं रूप तेवढं जिभेवर बसतं. मी त्या भल्या माणसाला अगदी गंभीरपणे विचारत होते, मी कोथिंबीर विकते का?

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जुड्यांकडे. मग सावकाश एप्रन सोडला, माझ्यापुढे धरला आणि आत यायला वाट करून दिली. रांग खिदळली.

"आई, तू नुसतं बोट दाखवत जा ना," लेक म्हणाली.

बोट कसलं दाखवते! रात्री अकरापर्यंत घोकलं. भांडी घासताना बेंदे, दात घासताना बेंदे. दुसऱ्या दिवशी ताठ मानेने गाळ्यासमोर उभी राहिले. तो मला बघून आधीच हसायला लागला, आणि माझं सगळं मुसळ केरात.

"बेंदेमोस सिलांत्रो?"

आपण कोथिंबीर विकतो का?

"सी, बेंदेमोस!" जुडी माझ्या पिशवीत टाकत तो म्हणाला आणि गल्ल्याकडे बोट दाखवून आणखी काहीतरी विचारता झाला. मी लेकीकडे पाहिलं.

"आज गल्ल्यावर कोण बसणार म्हणतोय, तू की तो?"